काचेची तार आन् सरांची टाच

सरांचा पाय आधी ऐकू यायचा, मग सर दिसायचे. करकर वाजणारी कोल्हापुरी चप्पल, टाच अशी हाणायची की फरशीनं काय गुन्हा केलाय आसं वाटावं, मग डाव्या पायाची जराशी फरफट, आन् थोडं चाललं की एक थांबा. थांबा कशाला, तर पोटावरनं घसरलेला पट्टा वर ओढायला. टाच, टाच, फरफट, थांबा. ही चाल मी एवढी ऐकलीय की कुणी झोपेतनं उठवून सांगितलं तरी चालून दाखवीन.

चाली ओळखायचा नाद मला वडूजच्या शाळेत लागला. मी शेवटच्या बाकावर, दाराच्या बाजूला. वर्गात दंगा चालू आसला की व्हरांड्यातनं कोण येतंय ते सांगायची ड्यूटी माझी. "गणिताचे येत्यात," म्हटलं की सगळी डोकी पुस्तकात. "शिपाई हाय, चालू द्या," म्हटलं की परत दंगा. मग मी त्या चाली चालून बी दाखवायला लागलो. एकदा हेडमास्तरांच्या चालीनं व्हरांड्यातनं गेलो तर दोन वर्ग एकदम गप झाले, आन् आतल्या मास्तरांनी बी टेबलावरचे पाय खाली घेतले. त्याबद्दल मार मिळाला, पण त्या मारात सुद्धा एक प्रमाणपत्र हुतं.

पुढं सांगलीकडच्या एका कॉलेजात मी पीएचडीला लागलो. विषय काचेच्या तारेचा. इंटरनेटसाठी रस्त्याकडंला जी काळी केबल पुरत्यात, तिच्या पोटात केसाएवढी बारीक काचेची तार असती. एका टोकानं प्रकाशाचा झटका सोडला की त्यातला चिमूटभर उजेड वाटेत जागोजागी मागं फिरतो. वरनं कुणी चाललं, जमीन थरथरली, की तो मागं येणारा उजेड बदलतो, आन् किती वेळानं आला त्यावरनं जमीन कुठं थरथरली ते बी कळतं. म्हंजे आख्खी केबल एक लांबलचक कान झाली. एवढं कळलं तर पुढचं सगळं कळंल.

सर म्हंजे माझे पीएचडीचे गाईड. त्यांनी हे उजेड सोडून ऐकणारं यंत्र मागवलं हुतं उसात घुसणारी रानडुकरं ओळखायला. कॉलेजच्या मागच्या फाटकापासनं उसाच्या फडापर्यंत जी वाट जाती, तिच्याखाली आमी केबल पुरली. पण डुकरांना आमच्या प्रकल्पाची मुदत माहीत नसावी, ती काय येईनात. तवा मीच म्हटलं, "सर, डुकरं न्हाईत तर माणसं ओळखूया की. प्रत्येकाची चाल येगळी असती. मी शाळेत आसताना..."

"लक्षात घ्या," सर म्हणाले, "हे विज्ञान आहे, गॅदरिंग नव्हे."

पुढच्याच बैठकीत सरांनी सगळ्यांना सांगितलं, "लक्षात घ्या, मला एक कल्पना सुचली आहे. प्रत्येक माणसाची चाल वेगळी असते."

सर प्रत्येक वाक्याला 'लक्षात घ्या' म्हणायचे. आन् मी लक्षात घेत गेलो. सगळंच.

आमच्या प्रयोगशाळेतल्या एकेकाला मी त्या मागच्या वाटेवरनं चालवलं. उन्हात, चिखलात, चपलेत, बुटात. कॉम्प्युटर शिकत गेला. शेवटी आसं झालं की कुणी वाटेवर पाय टाकला की पडद्यावर त्याचं नाव येतंय, आन् ओळखीचा न्हाई आसा कुणी आला की पडद्यावर 'अनोळखी' आन् वॉचमनच्या खोलीत भोंगा. सरांचं नाव मी नुसतं 'सर' आसं घातलं हुतं. त्यांना ते आवडलं.

एकच भोक राहिलं हुतं. आमच्याकडची माती काळी. पावसात फुगती, उन्हाळ्यात तिला हात घालावा एवढ्या भेगा पडत्यात. भेग पडली की केबल मातीपासनं सुटती, मग हत्ती चालला तरी मांजर वाटंल. म्हणून पाऊल किती जोरात पडलं ते मी हिशेबातनं टाकूनच दिलं. नुसता ताल ठेवला: टाच कवा पडती, पंजा कवा, मधी थांबा किती. त्यामुळं यंत्र मातीवर रुसायचं थांबलं, पण त्याला माणसाचं वजन कळंना झालं. या कामावर आमचा जो शोधनिबंध, म्हंजे पेपर, जायचा हुता त्यात मी एक परिच्छेद लिहिला, की बाबा, दुसऱ्याची चाल बेमालूम उचलणारा कुणी भेटला तर हे यंत्र फसंल.

सरांनी त्या परिच्छेदावर तांबडी रेघ मारली. "आपल्याच मालाची आपण बदनामी करायची? आणि अशी चाल कोण उचलतो?"

माझ्या नकला आख्ख्या कॉलेजला ठाऊक, फक्त सरांना ठाऊक न्हाईत, कारण त्या सगळ्या सरांच्याच हुत्या.

पेपर छापून आला तवा परिच्छेद गायब, आन् पहिलं नाव सरांच्या भाच्याचं. भाचा आमच्याच प्रयोगशाळेत हुता. पोरगं वाईट न्हाई. डबा उघडला की आधी दुसऱ्याला वाढायचं. फक्त त्याला काचेच्या तारेत रस न्हवता आन् तसं ते उघड बोलायचं. "मला खरं म्हंजे इस्लामपूरच्या रस्त्याला ढाबा टाकायचाय रं," म्हणायचं. "मामा ऐकत न्हाईत."

आन् मग ती पोस्ट-डॉकची जागा निघाली.

पोस्ट-डॉक म्हंजे काय हे आमच्या घरी समजावून सांगणं लय अवघड. पीएचडी झाल्यावर, पक्की नोकरी लागायच्या आधी, दुसऱ्या कुणाच्या प्रयोगशाळेत दोन-चार वर्षं संशोधन करायचं. फौजेतनं रिटायर झालेले माझे चुलते म्हणाले, "म्हंजे ट्रेनिंग संपल्यावर परत ट्रेनिंग." म्हटलं व्हय, तसंच. पण या ट्रेनिंगसाठी मी काय पण दिलं आसतं. प्रयोगशाळा परदेशात, चालवणाऱ्या बाई आपल्याकडच्याच, मिरजेजवळच्या द्राक्षबागायतदार जैन घरातल्या. आन् विषय काय, तर काचेच्या तारेत प्रकाश नुसता जात न्हाई, तो जाता जाता काचेत बारीक आवाजाची लाट उठवतो आन् मग स्वतःच त्या लाटेला धडकून मागं फिरतो. उजेडानं आवाज काढायचा आन् आवाजानं उजेडाला परतवायचं. हे वाचलं तवा मला वाटलं, हा तर नकलाकारांचा विषय हाय. जागा एकच हुती.

आमच्याकडं शिफारसपत्राची एक रीत हाय. गाईड म्हणणार, "लिहून आण, सही करतो." स्वतःची तारीफ स्वतःच लिहायची, गाईडच्या तोंडून. मला सरांचं इंग्रजी बी येत हुतं, 'लक्षात घ्या'चं 'इट इज टु बी नोटेड' करून प्रत्येक वाक्याच्या डोक्यावर ठेवलं की झाले सर. त्यामुळं आमच्या प्रयोगशाळेतली सगळी पत्रं मीच लिहायचो.

सरांनी केबिनमधी बोलावलं. "त्या परदेशातल्या जागेसाठी पत्र लिहून आण. तुझं इंग्रजी अगदी माझ्यासारखं उतरतं."

मी खिशातलं पेन काढलं. "लगेच आणतो सर. माझ्या प्रबंधाचं..."

"तुझं नाही. भाच्याचं."

मी पेन परत खिशाला लावलं.

"लक्षात घे, तुला परदेश कशाला? तिथं तुझं हे हाय-न्हाई बोलणं कोण ऐकणार? तुला इथंच तासिका तत्त्वावर घेतो की. घरच्या घरी."

माझ्या प्रबंधावर सरांची शेवटची सही व्हायची राहिली हुती. ती फाईल त्यांच्या टेबलावर, माझ्या डोळ्यापुढंच पडलेली. मी गेलो आन् भाच्याचं पत्र लिहिलं. यानं वाट खोदली, यानं केबल पुरली, यानं काळ्या मातीचा स्वभाव ओळखला. इट इज टु बी नोटेड. माझी सगळी वर्षं मी दुसऱ्याच्या नावानं टाईप केली. सरांनी वाचलं, म्हणाले "सुरेख," आन् सही केली. माझ्या फाईलीवर बी केली, त्याच पेनानं.

त्या दिवशी मी ठरवलं. काय करायचं ते ठरलं न्हवतं, पण करायचं हे ठरलं.

संधी बाईंनीच आणली. त्या भावाकडं द्राक्षाच्या बागंवर आल्या हुत्या. सरांनी त्यांना कॉलेजात बोलावलं, अर्ध्या दिवसाचा सेमिनार ठेवला आन् भाच्याचं प्रात्यक्षिक. बाईंसमोर भाचा यंत्र चालवून दाखवणार, की जागा पक्की. माझ्याकडं खुर्च्या, चहा आन् माईक.

सकाळी मागच्या वाटेवर पाणी मारताना भाचा म्हणाला, "तू जवळ थांब रं. मधीच काय अडलं तर?"

"न्हाई अडत. बटन दाब, नावं येतील."

"आन् त्यांनी प्रश्न विचारले तर?"

"मामा हायत की."

आमच्या हॉलात स्टेजवर सरस्वतीचा फोटो. त्यामुळं दीपप्रज्वलनाला पाहुण्यांनी पायातलं खाली काढायचं आन् कार्यक्रम संपेपर्यंत स्टेजवर अनवाणीच बसायचं, ही कॉलेजची रीत. बाईंनी बूट काढले. सरांनी ब्लेझर घातला हुता, आन् त्याच्याखाली त्यांची ती करकरती कोल्हापुरी. ती त्यांनी पायरीशी काढली, एकावर एक पडली, आन् वर गेले. समई पेटली, शाल झाली, नारळ झाला. मी माईकची वायर धरून पायरीशी उभा. माझ्या पायाशी सरांच्या चपला. आन् मला एकदम शाळेतला तो व्हरांडा आठवला.

मी वाट बघितली. भाच्यानं आधी दोघा-तिघांना मागच्या वाटेवर चालायला लावलं. पडद्यावर नावं आली, टाळ्या पडल्या. सर माईकवर म्हणाले, "लक्षात घ्या, ही प्रणाली फसवणं अशक्य आहे."

एवढंच ऐकायचं हुतं. मी चपला उचलल्या, मागच्या दारानं बाहेर आलो आन् पायात घातल्या. मोठ्या हुत्या, पंजा आवळून धरावा लागला. हॉलच्या खिडक्या त्या वाटेकडंच उघडत्यात, त्यामुळं आतला माईक स्वच्छ ऐकू येत हुता.

टाच. टाच. फरफट.

माझं वजन म्हंजे सरांच्या निम्मं. पण वजन तर त्या यंत्राला कळतच न्हवतं, आन् ज्या परिच्छेदात तसं लिहिलं हुतं त्याच्यावर तांबडी रेघ हुती. मी मान जरा मागं टाकली, खांदे पाडले. थांबायच्या जागी थांबलो. ओढायला पोट न्हाई आन् पट्टा बी न्हाई, तरी दोन्ही हातांनी वर ओढला. नक्कल करायची तर पुरी करावी.

आत भाच्याचा आवाज आला. "आता हे बघा, वाटेवर चाललेत... मामा. म्हंजे सर."

मग कुणीतरी फिस्सकन हसलं. मग आख्खा हॉल. पडद्यावर मोठ्या अक्षरात 'सर' आन् स्टेजवर सर, ब्लेझरमधी, अनवाणी.

"नॉईज आहे," सर म्हणाले. "जरा पाणी जास्त मारलंय."

मी परत फिरलो. टाच, टाच, फरफट, थांबा. परत 'सर'. आता पोरं बाकं बडवायला लागली.

बाईंनी खिडकीतनं मला बघितलं असावं. त्यांचा आवाज पहिल्यांदा माईकवर आला. "नॉईज दोनदा पट्टा वर ओढतोय व्हय?"

आन् त्या स्टेजवरनं उतरून, तशाच अनवाणी, मागच्या दारात आल्या. माझ्या तोंडाकडं बघायच्या आधी त्यांनी माझ्या पायाकडं बघितलं.

"कुणाच्या रं या चपला?"

"सरांच्या, मॅडम."

"आन् चाल?"

"ती बी सरांचीच. मी नुसती वापरली."

त्या हसल्या न्हाईत. "माझी चाल येती?"

"एकदाच बघितलीय. फाटकापासनं हॉलपर्यंत."

"चाल की मग."

मी चपला काढल्या आन् त्यांच्यासारखा चाललो. पावलं लहान, झपझप, वाटेत कुणी भेटलं तर बाजूनं जाईल आसं. पडद्यावर 'अनोळखी' आलं, वॉचमनच्या खोलीत भोंगा वाजला आन् वॉचमन काठी घेऊन धावत आला. बाई त्याला म्हणाल्या, "आवं थांबा, मीच हाय ती." मग मात्र त्या बी हसल्या. "बरोबरच हाय. मला कुठं ओळखतंय ते."

सर आन् भाचा दारात येऊन उभे राहिले हुते. बाईंनी भाच्याला विचारलं, "का फसलं सांग."

भाच्यानं मामाकडं बघितलं. मामांनी आभाळाकडं.

"तू सांग," बाई मला म्हणाल्या.

मी सांगितलं. काळी माती, भेगा, पावलाचा जोर का टाकून दिला, ताल का ठेवला, आन् त्यामुळं कुठं भोक राहिलं. हाय-न्हाई करतच सांगितलं. बाईंनी मधीच विचारलं, "मग भोक बुजवायचं कसं?"

"माती रोज बदलती, तर रोज मातीलाच आधी विचारायचं. वाटेवर एक ठरलेलं वजन रोज टाकायचं, आज माती किती दाबून ऐकती ते बघायचं, आन् मग माणसाचा जोर मोजायचा. मला ते करायचं हुतं."

"मी तुमचा पेपर वाचलाय. त्यात हे भोक कुठंच न्हाई."

"हुतं, मॅडम. एक परिच्छेद हुता."

"मग?"

मी सरांच्या उघड्या पायांकडं बघितलं. टाचेला भेगा हुत्या, आमच्या मातीसारख्या. "जागा पुरली नसंल," मी म्हटलं.

बाईंना कळायचं ते कळलं. त्या सरांकडं वळल्या. हॉलमधली सगळी पोरं खिडक्यांना लटकली हुती.

"सर, तुमचं पत्र मिळालं हुतं मला. लय सुरेख पत्र. पण त्यातला मुलगा मला स्टेजवर दिसला न्हाई. हितं वाटेवर दिसतोय."

सर म्हणाले, "लक्षात घ्या..."

"जागा सगळ्यांना खुली हाय," बाई म्हणाल्या. "हा अर्ज करणार आसंल तर मला गाईडचं पत्र लागंल. द्याल न्हवं? आन् परिच्छेद गाळू नका."

"अवश्य," सर म्हणाले. खिडकीतनं कुणीतरी अगदी त्यांच्याच आवाजात "अवश्य" म्हणालं. मी न्हवतो. म्हंजे आता दुसरी पोरं बी तयार झाली हुती.

दुसऱ्या दिवशी केबिनमधी गेलो. सरांनी मान वर केली न्हाई.

"लिहून आण," म्हणाले.

"आणलंय सर."

सर वाचायला लागले. सगळं त्यांच्याच आवाजात, जागच्या जागी 'इट इज टु बी नोटेड'. शेवटच्या ओळींवर पेन थांबलं. तिथं मी सरांच्याच तोंडून लिहिलं हुतं, की लक्षात घ्यावे, या पद्धतीतली उणीव या विद्यार्थ्यानं स्वतः शोधून स्वतः लिहिली हुती, आन् तो परिच्छेद मी गाळला. तो माझा निर्णय हुता आन् तो चुकला.

"हे काढ."

"काढतो की. पण मॅडम म्हणाल्यात गाळू नका. सगळ्यांसमोर म्हणाल्यात."

"मी असं लिहीन का कधी?"

"मोठ्यानं वाचून बघा सर. तुमचाच आवाज हाय."

त्यांनी खरंच ओठातल्या ओठात वाचलं. मी त्यांच्या तोंडाकडं बघत उभा राहिलो. आजवर मी त्यांची नक्कल करत आलो हुतो, त्या दिवशी ते माझी करत हुते. मग सही केली.

माझी मुलाखत झाली, पुढं निवड झाली. भाच्यानं अर्ज मागं घेतला आन् मला पेढे दिले. "तुझ्यामुळं सुटलो," म्हणाला.

सर मात्र बदलले. कोल्हापुरी गेली, रबरी तळव्याचे बूट आले. ते पाऊल हलकं टाकायला लागले, टाच उचलून, फरफट गिळून, पट्टा ओढायचा तर खांबाआड जाऊन. व्हरांड्यात त्यांची चाहूल लागेना. लागली तरी पोरं गालात हसायची, आन् ते अजून हलके चालायचे. मी निघायच्या आधी भाचा म्हणाला, "जाता जाता मामांची नवी चाल कॉम्प्युटरला शिकवून जा की."

म्हटलं, बघतो. पाच मिन्टाचं काम हुतं. न्हाई केलं.

आता मी हितं थंडीत, तळघरात बसतो. काचेत उजेड आवाज उठवतो, आवाज उजेडाला परतवतो, मी बघत बसतो. परवा भाच्याचा फोन आला. मागं भोंग्याचा आवाज.

"आरं, मामा मागच्या फाटकातनं आत आले की पडद्यावर 'अनोळखी' येतंय. रोज सकाळी भोंगा वाजतोय. वॉचमन काठी घेऊन धावतोय, मग लाजून परत जातोय."

"आन् मामा?"

"मामा हात वर करून उभे राहत्यात. काय करू सांग."

"मामांना म्हणावं, पयल्यासारखं चाला. यंत्र ओळखंल."

"ते न्हाई चालायचे गड्या तसं. आता कवाच न्हाई."

"मग वाजू दे," मी म्हटलं, आन् फोन जरा कानाशी धरून ठेवला.